सेतूवरची पायवाट

पहाटेचे चार वाजलेत आणि माहीमच्या रेतीबंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. अंगात पातळ बनियन, छातीवर चार पिनांनी टाचलेला क्रमांक, पायात झगझगीत रंगांचे बूट. कुणी गुडघ्याला बाम चोळतंय, कुणी केळं सोलतंय, कुणी फिरत्या शौचालयाच्या रांगेत घड्याळाकडे बघत उभं आहे. माझ्या शेजारी फुटपाथच्या कडेला बसून एक बाई बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधत होत्या. डोंबिवलीहून आलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, बँकेत नोकरी. मी सहज विचारलं, “पहिल्यांदाच का ताई?” त्या म्हणाल्या, “धावणं पहिल्यांदा नाही. पण या पुलावरून पायी पहिल्यांदाच. टॅक्सीतून किती वेळा गेले असेन. टॅक्सीतून टोलनाका दिसतो आणि मग एकदम वरळी येते. मधला पूल कधी बघितलाच नाही.”

जानेवारीतला तिसरा रविवार म्हणजे मुंबई मॅरेथॉनचा दिवस. २००४ मध्ये ही शर्यत सुरू झाली. २००९ च्या जूनअखेरीस वांद्रे-वरळी सागरी सेतूचं उद्घाटन झालं आणि २०१० च्या जानेवारीत धावणारे त्यावरून गेले. अर्धी मॅरेथॉन, म्हणजे २१.०९७ किलोमीटरची शर्यत, अलीकडे या रेतीबंदरापासून सुटते. माहीम कॉजवेवरून वांद्रे, तिथून सागरी सेतू, मग वरळी, हाजी अली, पेडर रोड, मरीन ड्राइव्ह आणि शेवटी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन टर्मिनसहून निघते, सेतूवरून उत्तरेला वांद्र्याला जाते आणि माहीमच्या बाजूने परत फिरते.

या अंकासाठी संपादकांनी ‘पूल’ हा विषय सुचवला, तेव्हा माझ्या मनात दुसरा पूल आला नाही. ५.६ किलोमीटर लांबीचा हा सेतू मुंबईच्या प्रत्येक चित्रात असतो. पण त्यावर पायी चालायला बंदी आहे. दुचाकी चालत नाही, रिक्षा चालत नाही. शहरातल्या बहुसंख्य माणसांनी तो एक तर चौपाटीवरून पाहिलाय, नाही तर काचेआडून. शर्यतीच्या सकाळी मात्र तिथून हजारो माणसं स्वतःच्या पायांनी जातात. ते नेमकं कसं जमवलं जातं, त्या वेळी पूल कसा वागतो आणि खालच्या समुद्रात काय चाललेलं असतं, हे मला बघायचं होतं. म्हणून अर्ध्या अंतरासाठी मीही नाव नोंदवलं.

गल्ली नसलेला रस्ता

मुंबईत रस्ता बंद करण्याची सवय सगळ्यांना आहे. गणपती असतात, मोर्चे असतात, मंत्र्यांचे ताफे असतात. पण शहरातल्या रस्त्याला बाजूने गल्ल्या फुटतात. एखादा धावपटू कोसळला तर शेजारच्या गल्लीतून रुग्णवाहिका आत घालता येते. पाणी संपलं तर कोपऱ्यावरच्या दुकानातून खोकी आणता येतात. सागरी सेतूला दोनच टोकं आहेत, वांद्र्याचं आणि वरळीचं. मध्ये काही नाही. त्यामुळे जे लागेल ते धावणारे येण्याआधीच पुलावर नेऊन ठेवावं लागतं: पाणी, बर्फ, वेदनाशामक फवारे, स्ट्रेचर, डॉक्टर, शौचालयं. आणि जे नेलं ते सगळं परत आणावंही लागतं.

म्हणून पुलावरचं काम आदल्या रात्रीच सुरू होतं. वाहतूक पोलिसांच्या सूचना आधीच निघालेल्या असतात, बेस्टच्या बसगाड्यांचे मार्ग बदललेले असतात, धावणाऱ्यांसाठी भल्या पहाटेच्या विशेष लोकल सुटणार असतात. रात्री उशिरा टोलनाक्याजवळ अडथळे लागतात आणि वाहनं वळवली जातात. मग झाडलोट सुरू होते. गाड्यांच्या रस्त्यावर काय काय पडलेलं असतं, हे आपल्या लक्षात येत नाही. फुटलेल्या टायरमधल्या तारा, नटबोल्ट, काचांचे खडे. मोटारीच्या चाकाला ज्याची दखलही घ्यावी लागत नाही, ते पातळ तळव्याच्या बुटात शिरलं तर शर्यत तिथेच संपते.

पाण्याच्या टेबलांमागे बहुतेक कॉलेजची मुलं असतात. त्यांच्यातल्या एका मुलीने मला बाटली द्यायची रीत दाखवली. “झाकण आधीच सैल करून ठेवायचं. बाटली बुडाशी धरायची, म्हणजे वरची बाजू त्यांच्या हाताला मोकळी राहते. आपला हात ताठ ठेवायचा नाही, ते येतील तसा थोडा मागे न्यायचा. नाहीतर फटका बसतो आणि बाटली दोघांच्याही हातातून जाते.” पहिल्या टेबलावर झुंबड उडते म्हणून अनुभवी स्वयंसेवक शेवटच्या टेबलापाशी उभं राहून ओरडत असतात, “पुढे या, पुढे भरपूर आहे!” पुलावर एक काळजी जास्तीची असते. वाऱ्याने रिकाम्या बाटल्या कठड्याकडे घरंगळतात आणि तिथून त्या समुद्रात जाऊ शकतात. त्यासाठी काही मुलांना फक्त बाटल्या गोळा करायचं काम दिलेलं होतं. त्यांना धावणाऱ्यांकडे मान वर करून बघायलाही फुरसत नव्हती.

छातीवरच्या क्रमांकाला मागून एक बारीक चिप चिकटवलेली असते. वाटेत ठरावीक ठिकाणी रस्त्यावर पट्ट्या अंथरलेल्या असतात. त्यांवरून पाऊल गेलं की वेळ नोंदली जाते. घरी बसलेल्या नातेवाइकांना फोनवर कळतं की आपला माणूस आता सेतू उतरला. सगळ्यात शेवटी एक बस येते. ठरलेल्या वेळेत जे पुढे सरकू शकले नाहीत त्यांना ती उचलते. तिच्यामागून झाडूवाले, त्यांच्यामागून अडथळे काढणारे, आणि मग पुन्हा मोटारी. दुपारी या पुलावरून गेलेल्या माणसाला सकाळचा मागमूसही लागत नाही.

तसूतसू मोजलेली वाट

शर्यतीचं अंतर उपग्रहावरून मोजत असतील, असं अनेकांना वाटतं. मनगटावरचं घड्याळ तसंच मोजतं, म्हणून ते बहुतेकदा चुकतं आणि शर्यत संपल्यावर “तुमचा किलोमीटर मोठा होता” अशा तक्रारी येतात. मान्यताप्राप्त मॅरेथॉनचा मार्ग सायकलने मोजतात. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र लावतात. ते चाकाचा फेरा पूर्ण होण्याची वाट बघत नाही, फेऱ्याचे बारीक भागही मोजतं. आधी पोलादी टेपने काटेकोर मोजलेल्या सरळ पट्ट्यावर ती सायकल पुन्हा पुन्हा चालवायची आणि एका किलोमीटरला यंत्राचे किती आकडे पडतात ते ठरवायचं. टायरमधली हवा उन्हाने फुगते, म्हणून काम संपल्यावर पुन्हा त्याच पट्ट्यावर पडताळा घ्यायचा.

मोजणारा सायकलस्वार रस्त्याच्या मधून जात नाही. धावणारा ज्या सर्वांत जवळच्या वाटेने जाऊ शकेल त्या वाटेने, वळणावर कडेपासून साधारण ३० सेंटीमीटर अंतर राखून तो जातो. मग एकूण अंतरात हजारात एक भाग मुद्दाम वाढवतात. पूर्ण मॅरेथॉनमध्ये हे वाढीव अंतर सुमारे ४२ मीटर होतं. कुणाचा विक्रम मार्ग तोकडा होता म्हणून रद्द होऊ नये, यासाठी ही तजवीज आहे. २०२३ मध्ये इथिओपियाच्या हायले लेमीने मुंबईच्या मार्गावर २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांची वेळ दिली. त्या आकड्याला जगभर मान आहे तो या सायकलीच्या भरवशावर.

सेतूवर मोजणाऱ्याला आणि धावणाऱ्याला, दोघांनाही एक सुख आहे. वळणं थोडी आणि लांब पल्ल्याची. शहरात धावणारा खड्डे, झाकणं आणि गतिरोधक चुकवत नागमोडी जातो आणि नकळत जास्त धावतो. पुलावर पाऊल सरळ पडतं.

मतलई आणि खारे

पाच वाजता आमची रांग सुटली. माहीम कॉजवेवर मिठी नदीच्या मुखाचा दर्प आला, वांद्र्याचं वळण आलं, आणि मग समोर टोलनाका. एरवी गाड्यांच्या रांगा लागतात त्या फाटकांतून माणसं वाहत होती. कुणी फाटकाच्या खांबाला हात लावून जात होतं. पुढे रस्ता हळूहळू जमीन सोडतो. डाव्या हाताला माहीमचा उपसागर आणि त्यापलीकडे दादर-प्रभादेवीचे दिवे, उजवीकडे काळोख.

सगळ्यात आधी जाणवतं ते आवाजाचं जाणं. शहरात शर्यतीच्या दुतर्फा लोक उभे असतात, ढोल वाजतात, लेझीम असते, लाउडस्पीकर असतात. सेतूवर प्रेक्षकांना जागा नाही. हजारो बुटांचा एकसारखा आवाज आणि श्वास, एवढंच उरतं. गप्पा मारत आलेले आपोआप गप्प होतात. ज्याला शर्यतीत स्वतःची चाल सापडायची आहे, त्याला ती इथे सापडते. गर्दीच्या आरोळ्यांनी पाय वाढवायची चूक इथे होत नाही.

वारा डाव्या गालावर होता आणि थोडा गार होता. शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी मतलई वारे आणि खारे वारे पाठ केलेत. रात्री जमीन समुद्राहून लवकर निवते, म्हणून वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो, ते मतलई. दिवसा जमीन तापते आणि वारा पाण्याकडून आत येतो, ते खारे. मुंबईच्या जानेवारीत ही अदलाबदल धावणाऱ्याला अंगावर कळते. पहाटेचा मतलई वारा तुलनेने कोरडा असतो. घाम सुकतो, अंग निवतं. ऊन वर आलं, वारा पडला आणि मग खारा वारा सुरू झाला की हवा दमट होते. घाम गळत राहतो, सुकत नाही. घाम गळून अंग गार होत नाही, सुकून गार होतं. म्हणूनच मुंबईची शर्यत काळोखात सुरू होते.

या हिशेबात पूर्ण मॅरेथॉनच्या हौशी धावपटूंचा योग चांगला जुळतो. तेही पाचच्या सुमारास टर्मिनसहून निघतात, पण सेतू त्यांच्या वाट्याला साधारण पंधरा किलोमीटर झाल्यावर येतो. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. म्हणजे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पुलावर उजाडतं. आमच्यातल्या मागे राहिलेल्यांना आणि त्यांच्यातल्या पुढे आलेल्यांना एकमेकांच्या आकृत्या समोरासमोर दिसल्या. पलीकडून कुणीतरी ओरडलं, “गणपती बाप्पा!” आणि या बाजूने उत्तर गेलं.

चढ मांडीला कळतो

सेतू लांबून आडव्या रेघेसारखा दिसतो. पायाखाली घेतला की कळतं, तो हळूच चढतो आणि हळूच उतरतो. हा चढ डोळ्याला दिसत नाही, मांडीला कळतो. पेडर रोडवरचा चढ समोर उभा असतो, त्यामुळे माणूस तयारीने भिडतो. इथे काही कारण नसताना आपण का दमतोय असं वाटतं आणि नवखा धावणारा घाबरतो. अनुभवी मंडळी सांगतात, पुलावर घड्याळाकडे बघू नका, श्वासाकडे बघा. चढावर वेळ गेला तर जाऊ द्या, उतारावर तो आपोआप परत येतो. दुसरी सूचना सांध्यांची. उन्हाने पूल लांबतो, गारव्याने आखडतो. त्यासाठी ठरावीक अंतरावर धातूचे सांधे ठेवलेले असतात. दवाने ते निसरडे होतात. तिथे पाऊल घासत न्यायचं नाही, उचलून टाकायचं.

मग दोरखंड येतात. वांद्र्याच्या बाजूचा मुख्य मनोरा सुमारे १२८ मीटर उंच आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना २५० मीटरचे गाळे आहेत. या भागाला २६४ केबल धरून ठेवतात. वरळीच्या बाजूचा केबलचा भाग लहान, त्याला १६०. मोटारीतून हे सगळं काही सेकंदांत निघून जातं. पायी जाताना एकेक केबल डोक्यावरून मागे सरकते, मनोरा जवळ येत राहतो, मान वर करावी लागते. एवढं वजन वर कुठे बांधलंय आणि ते खाली समुद्रतळापर्यंत कसं उतरतं, याचा अंदाज तेव्हा येतो.

इतकी माणसं एका तालात धावली तर पूल हलणार नाही का? माझ्यापुढे धावणाऱ्या एका मुलाने आपल्या मित्राला हे विचारलं आणि प्रश्न वेडगळ नव्हता. इंग्लंडमधला ब्रॉटनचा झुलता पूल १८३१ मध्ये सैनिकांच्या तालबद्ध पावलांखाली कोसळला आणि त्यानंतर पुलावर पावलांचा ताल मोडायचा हुकूम सैन्यात रुजला. लंडनचा मिलेनियम पादचारी पूल जून २००० मध्ये उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. चालणाऱ्यांच्या पावलांनी तो बाजूला डोलू लागला, डोलणाऱ्या पुलावर तोल सांभाळायला लोक नकळत एका तालात पावलं टाकू लागले, त्याने डोल आणखी वाढला. झटके शोषणारी यंत्रं बसवून २००२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. पण हे दोन्ही पूल हलके आणि सडपातळ होते. सागरी सेतूचा देह जड काँक्रीटचा, आठ मार्गिकांच्या वाहतुकीसाठी बांधलेला. त्याच्या वजनापुढे धावणाऱ्यांचं वजन किरकोळ आहे. शिवाय हौशी धावपटूंचा कुठलाच ताल एक नसतो. कुणी चालतंय, कुणी थांबून फोटो काढतंय, कुणी दुडक्या चालीने निघालंय. त्या मुलाचा मित्र म्हणाला, “आपण हलू, पूल नाही हलणार.”

खालचा समुद्र रिकामा नाही

सेतूवरून समुद्र मोकळा आणि ओसाड वाटतो. शर्यतीनंतर एका सकाळी मी वरळी कोळीवाड्यात गेलो, तेव्हा हा समज दूर झाला. जाळं साफ करत बसलेले एक काका हातातलं काम न थांबवता म्हणाले, “तुम्हाला वरून नुसतं पानी दिसतंय. आमाला कुठं खडप हाय, कुठनं होडी काढायची, कुठल्या भरतीला काढायची, ते दिसतं.” खडप म्हणजे पाण्याखालचे खडक. ओहोटीला त्यांची टोकं वर येतात. छोट्या होडीने किनारा पकडून मासेमारी करणाऱ्यांच्या वाटा या खडकांमधून जातात, आणि पुलाचा प्रत्येक खांब त्या वाटेत उभा राहतो.

याच प्रश्नावर वरळीच्या मच्छीमारांनी मोठी लढाई दिली. मुंबई महापालिकेचा किनारा रस्ता सागरी सेतूला जोडायचा होता. त्या जोडपुलाच्या खांबांमधलं अंतर ६० मीटर ठेवलं होतं. मच्छीमारांचं म्हणणं असं, की वारा, भरतीचा ओढा आणि दोन्ही बाजूंचे खडक लक्षात घेता एवढ्या गाळ्यातून होडी सुखरूप काढणं कठीण आहे. क्लीव्हलँड बंदरापाशी त्यांनी होड्या घालून काम अडवलं. निवेदनं दिली, बैठका केल्या, पुन्हा होड्या घातल्या. अखेर २०२२ च्या शेवटी सरकारने मान्य केलं आणि होड्यांच्या वाटेवरचा गाळा १२० मीटरचा झाला. खर्च वाढला, आराखडा बदलला, पण पूल उभा राहिलाच. किनारा रस्ता आणि सेतू यांना जोडणारी १३६ मीटरची कमान आज तिथे दिसते.

या लढाईतून मला पुलाबद्दलची सर्वांत उपयोगी गोष्ट कळली. पुलाचा आराखडा म्हणजे अखेर कुणाकुणाला जाऊ द्यायचं याचा निर्णय असतो. खांबांमध्ये किती अंतर ठेवायचं हे ठरवलं की खालून कुणाची होडी जाणार ते ठरतं. कडेला पायवाट ठेवायची की नाही हे ठरवलं की वरून कुणाचे पाय जाणार ते ठरतं. कोळ्यांनी आपली वाट भांडून मिळवली. चालणाऱ्यांनी अजून मागितलेलीही नाही.

आवाबाईंचा पूल

पूर्ण मॅरेथॉन जाताना सागरी सेतूने जाते आणि परत येते ती माहीम कॉजवेने. दोन पूल, एकाच खाडीमुखावरचे, आणि त्यांच्यात सुमारे १६५ वर्षांचं अंतर. सेतूवरून उतरलेल्या थकल्या माणसाला कॉजवे म्हणजे साधा रस्ताच वाटतो. पण तो कसा झाला हे कळलं की वाट लक्षात राहते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये पाणी होतं आणि लोक होडीतून ये-जा करत. पावसाळ्यात ती ये-जा जिवावर बेतणारी होती. ईस्ट इंडिया कंपनी पैसे घालायला तयार नव्हती. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखांहून अधिक रुपये दिले. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती. देताना त्यांनी एक अट घातली: या पुलावरून जाणाऱ्या कुणाकडूनही कधी टोल घ्यायचा नाही. १८४० च्या दशकात पूल झाला. लेडी जमशेटजी रस्ता, म्हणजे आपला एल. जे. रोड, त्यांच्याच नावाने आहे.

मी या अटीकडे पैशांपुरतं बघत नाही. त्या काळी तो पूल ओलांडणारे कोण होते? डोक्यावर टोपली घेतलेल्या मासळीवाल्या, भाजीवाले, गाडीवान, मजूर, माउंट मेरीला आणि माहीमच्या दर्ग्याला जाणारे भाविक. बहुतेक पायी. त्यातला सर्वांत गरीबही अडता कामा नये, हा विचार त्या अटीमागे आहे. मुंबईतल्या पुलांच्या इतिहासात पायी चालणाऱ्याचा हक्क इतक्या स्पष्टपणे लिहून ठेवलेला मला दुसरीकडे दिसला नाही.

सेतू उतरल्यावर

वरळीला उतरलं की शहर पुन्हा भेटतं. सी-फेसवर लोक खुर्च्या टाकून बसलेले असतात. संक्रांत नुकतीच झालेली असते, म्हणून बायका स्टीलच्या डब्यांतून तिळाच्या वड्या वाटतात. कुणी संत्र्याच्या फोडी, कुणी मीठ लावलेली काकडी. कागदी फलकांवर “चल आई!”, “बाबा, घरी पोहे आहेत” असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. पेडर रोडच्या चढावर, पाय जड झाल्यावर, हे फलक फार उपयोगी पडतात. पूर्ण मॅरेथॉनवाल्यांना अनेक वर्षं हा चढ दोनदा लागत आला, आणि दुसऱ्यांदा तो तिसाव्या किलोमीटरनंतर यायचा, शरीरातली साठवलेली साखर संपत आलेली असताना.

या मार्गाने काही आयुष्यं घडवलीत. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं मोही हे दुष्काळी गाव. तिथल्या ललिता बाबर यांनी २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला. पुढे त्या तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावल्या. परभणीच्या ज्योती गवते यांनीही भारतीय महिलांत ही शर्यत जिंकली आहे. मराठवाड्यातून, माणदेशातून आलेल्या मुलींनी समुद्रावरचा हा पूल आपल्या पायांनी जिंकला, हे पुलाच्या कोनशिलेवर नसलं तरी आपल्या लक्षात असायला हवं.

उरलेल्या दिवसांचं काय

शर्यत संपली. डोंबिवलीच्या बाई मला टर्मिनसपाशी पुन्हा दिसल्या, गळ्यात पदक, हातात चहा. म्हणाल्या, “मिस्टरांना दाखवायचा होता हो तो पूल. ते काही धावणार नाहीत आता. पण चालतील की.”

त्यांचं म्हणणं मला साधं आणि रास्त वाटतं. आज समुद्रावरचा पूल पायी बघायचा, तर माणसाला शर्यतीचं शुल्क भरावं लागतं आणि एकवीस किलोमीटर धावायची ताकद असावी लागते. म्हातारा माणूस, लहान मूल, चाकाच्या खुर्चीतला माणूस, रोज वरळीहून वांद्र्याला कामावर जाणारी बाई, यांना तो पूल नाही. जगात इतरत्र वेगळं घडलंय. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल १८८३ मध्ये बांधला तेव्हाच चालणाऱ्यांसाठी वाहनांच्या वरच्या पातळीवर स्वतंत्र वाट ठेवली. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल २७ मे १९३७ रोजी आधी पायी चालणाऱ्यांना खुला झाला, गाड्या दुसऱ्या दिवशी आल्या. त्याच्या कडेची वाट आजही चालती आहे.

सुरक्षेचा मुद्दा खरा आहे. सागरी सेतूवर स्वतंत्र पदपथ नाही. ताशी ८० किलोमीटरने धावणाऱ्या गाड्यांशेजारून माणसांना सोडता येणार नाही. वारा आहे, कठड्याची उंची आहे, मदत पोचवायला दोनच टोकं आहेत. पण याच अडचणींवर मात करून दरवर्षी हजारो माणसं या पुलावरून सुखरूप नेली जातात. पाणी कुठे ठेवायचं, डॉक्टर कुठे उभे करायचे, पूल कसा बंद करायचा आणि किती वेळात पुन्हा उघडायचा, हे सगळं या शहराला येतं. मग महिन्यातल्या एका रविवारी, उजाडल्यापासून दोन तास, एक बाजू चालणाऱ्यांसाठी का उघडू नये? शुल्क नको, पदक नको, घड्याळ नको.

किनारा रस्त्याने एक पाऊल टाकलं आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या कडेचा विहारमार्ग खुला झाला. संध्याकाळी तिथे गेलं तर दिसतं, लोकांना समुद्राशेजारून चालायची किती भूक होती. भुयारी वाटांनी लोक येतात, आजोबा नातवाला घेऊन येतात, कष्टकरी बायका कामावरून सुटून घटकाभर बसतात.

हा प्रश्न मुंबईपुरता राहिलेला नाही. वांद्रे-वर्सोवा सेतू उभा राहतो आहे. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गासाठी कोकणातल्या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत: करंजा-रेवस, आगरदांडा-दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड. या खाड्यांवर पिढ्यान्पिढ्या ‘तर’, म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी, चालत आली आहे. तरीतून मोटारसायकल जाते तशी माहेरी निघालेली बाई जाते, शाळेतला मुलगा जातो, करंडी घेतलेली मासळीवाली जाते. पूल झाला की तरीचा धंदा बसतो आणि ती बंद पडते. त्या दिवशी पुलाला पायवाट नसेल, तर मोटारवाल्याचा तास वाचेल आणि पायी जाणाऱ्याची होती ती वाटही जाईल. विकासात सगळ्यात आधी त्याचंच नुकसान होईल, ज्याच्याकडे वाहन नाही.

पायवाट नंतर जोडणं महाग आणि अवघड असतं. आराखड्यात असली तर ती पुलाबरोबर उभी राहते. दीड-दोन मीटर रुंदीची, वाहनांपासून भक्कम कठड्याने वेगळी केलेली, दिवे असलेली, मध्ये टेकायला बाक असलेली वाट, एवढीच मागणी आहे. कोकणातल्या ग्रामसभांनी, मुंबईतल्या धावणाऱ्यांच्या गटांनी, आपण सगळ्यांनी ती आताच करायला हवी, कागदावरच्या रेघा काँक्रीटच्या होण्याआधी. वरळीच्या कोळ्यांनी दाखवून दिलंय की ठाम राहिलं तर आराखडा बदलतो.